स्नो मोड कोकणातल्या चिखलात वापरावा का? ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि मोडविषयी काही शंका

लालमाती :

नमस्कार मंडळी,

आमचे घर देवरुखपासून आठ-नऊ किलोमीटर आत आहे. डांबरी रस्ता सोडल्यानंतरचा शेवटचा दोनशे मीटरचा तुकडा ही आमची खासगी वाट. खाली जांभा, त्यावर लाल मातीचा पातळ थर, डाव्या हाताला गडगा (दगडी बांध) आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चढण. सात मीटर पुढे गेले की साधारण एक मीटर वर, असा चढ आहे. निम्म्या वाटेवर पावसाचे पाणी काढून देण्यासाठी वडिलांनी फार पूर्वी तिरका चर खणलेला आहे. या वाटेसाठीच गेल्या वर्षी मी मारुती सुझुकी ग्रँड विटाराचे ऑलग्रिप, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ऑल-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा असलेले मॅन्युअल मॉडेल घेतले. त्यात ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत.

श्रावणात एका संध्याकाळी आई-वडिलांना घेऊन वर येताना गाडी ऑटोवर होती. चढणीच्या मध्यावर पुढची चाके क्षणभर जागच्या जागी फिरली, मग मागून एकदम ढकलल्यासारखे झाले आणि गाडीचे तोंड गडग्याकडे वळले. आरसा चिऱ्याला घासला, बाकी काही झाले नाही. आई मात्र त्यानंतर पावसात त्या वाटेवर गाडीत बसत नाही, छत्री घेऊन चालत येते. तिचे वय पाहता मला हे फार लागून राहिले आहे.

गाडी घेताना विक्रेत्याने सांगितले होते की पावसाळाभर लॉकवर ठेवा, काही होत नाही. एक मित्र म्हणतो की स्नो हा बर्फासाठीच आहे, चिखलात तो वापरला तर इंजिन दबते. माहितीपुस्तिकेतल्या चार ओळींवरून नेमके आत काय घडते ते समजत नाही. म्हणून विचारतो :

मोड बदलल्यावर ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात काय बदलते? माझ्या चढणीसाठी कोणता मोड योग्य? आंबा घाटातून कोल्हापूरला जाताना ओल्या रस्त्यावर स्पोर्ट वापरणे बरोबर आहे का? आणि जानेवारीत मनालीला जाऊन अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जाण्याचा विचार आहे, तेथे या मोडवर किती विसंबावे?


यंत्रवेडा :

लालमाती, तुम्ही वाटेचे वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी वाहनांच्या ट्रान्समिशनच्या क्षेत्रात काम करतो, तुमच्या गाडीच्या कंपनीशी माझा संबंध नाही.

आधी यंत्रणा पाहू. तुमच्या गाडीत पुढच्या चाकांना ताकद कायम मिळते. गिअरबॉक्सच्या शेजारच्या, ताकद मागे वळवणाऱ्या ट्रान्सफरमधून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) तोंडाशी तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा एक क्लच असतो. या चकत्या सैल असतील तर मागची चाके नुसती सोबत फिरतात, घट्ट दाबल्या तर पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ एकजीव होतो. किती दाबायच्या हे संगणक ठरवतो आणि तो निर्णय कोणत्या धोरणाने घ्यायचा हे तुम्ही मोड निवडून सांगता. म्हणजे मोड टायरखाली पकड निर्माण करत नाही, तेथे जितकी पकड शिल्लक आहे ती कशी खर्च करायची हे ठरवतो. हा फरक मनात पक्का बसला की पुढचे सगळे त्यावरून सुटत जाते.

ऑटोमध्ये इंधन वाचवणे हे पहिले धोरण असते, म्हणून क्लच शक्यतो सैल ठेवला जातो आणि चाक घसरू लागल्याचे कळले की आवळला जातो. हे फार झपाट्याने होते, पण चढणीवर ओल्या मातीत तेवढा वेळही पुरेसा असतो. पुढचे चाक एकदा फिरले की ते वरचा थर पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत करून टाकते. मग मागच्या चाकांना अचानक ताकद मिळते आणि पुढच्या चाकांकडे गाडीला दिशा देण्याइतकी पकड उरलेली नसते. तुमची गाडी गडग्याकडे का वळली त्याचे उत्तर माझ्या मते हेच आहे.

स्नोमध्ये चकत्या सुरुवातीपासूनच दाबलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या वळशापासून चारही चाके काम वाटून घेतात. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरचे पाऊल तितकेच दाबले तरी इंजिन हळुवार प्रतिसाद देते. तुमच्या मित्राला ‘इंजिन दबते’ असे जे वाटते ते हेच आहे आणि पातळ चिखलाच्या चढणीवर ते हवेच आहे.

लॉकमध्ये मागच्या चाकांना सतत जास्तीत जास्त वाटा दिला जातो आणि जे चाक हवेत किंवा चिखलात फुकट फिरते त्याला ब्रेक लावून ताकद पलीकडच्या चाकाकडे वळवली जाते. सुझुकीच्या या यंत्रणेत ताशी ६० किलोमीटरचा वेग ओलांडला की गाडी लॉकमधून आपोआप स्नोमध्ये येते, यावरूनच लॉक हा अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी आहे, प्रवासासाठी नाही, हे स्पष्ट होते. पावसाळाभर लॉकवर ठेवण्याचा सल्ला चुकीचा आहे. कोरड्या काँक्रीटवर गाडी अंगणात वळवताना पुढची चाके मोठ्या वर्तुळात आणि मागची लहान वर्तुळात फिरतात. क्लच आवळलेला असेल तर हा फरक टायर घासून किंवा चकत्या घासून भरून निघतो, आणि चकत्या तापल्या की यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी मागच्या चाकांची ताकद तोडून टाकते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तुमच्याकडे दोनच चाके उरतील.

येथे एक गैरसमज दूर करतो. ‘लॉकमध्ये ताकद निम्मी-निम्मी विभागली जाते’ असे सर्रास लिहिले जाते. क्लच पूर्ण आवळल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट सारख्या गतीने फिरतात, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष ओढ त्या बाजूला मिळते जिच्या टायरखाली पकड आहे. पुढची दोन्ही चाके शेवाळावर असतील तर क्लचला झेपेल तितकी जवळजवळ सगळी ओढ मागून येते. दुसरे असे की लॉक या नावामुळे डिफरन्शियल लॉक झाल्यासारखे वाटते, पण तसे होत नाही. पुढचे आणि मागचे, दोन्ही डिफरन्शियल उघडेच राहतात, आणि उघडे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखीच ओढ देत असल्यामुळे एक चाक हवेत गेले की दुसऱ्यालाही काही मिळत नाही.

तुमचा तिरका चर येथेच आडवा येतो. तो ओलांडताना पुढचे एक चाक आणि कर्णातले मागचे एक चाक एकाच वेळी हलके होत असणार. त्या क्षणी चारपैकी दोन चाके निरुपयोगी ठरतात आणि फक्त ब्रेकची युक्ती उरते. ती काम करत असताना ‘घर्र घर्र’ असा पंपाचा आवाज येतो, काही तरी मोडल्यासारखा. बहुतेक चालक घाबरून तेव्हाच पाऊल काढतात आणि ब्रेक पकडू लागण्याआधीच प्रयत्न सोडून देतात. तेथे लॉक निवडावा, पाऊल स्थिर ठेवावे आणि दोन-तीन सेकंद धीर धरावा.

आता थोडा हिशेब, कारण त्याशिवाय मोडची मर्यादा कळत नाही. एकास सात चढणीसाठी गाडीच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के ओढ लागते. मऊ मातीचा अडथळा आणखी ५ टक्के धरला तर १९ टक्के झाली. ओल्या मातीचा घर्षणगुणांक (पकड दाखवणारा आकडा) ०.३ मानू. चढणीवर पुढच्या चाकांवर सुमारे ५५ टक्के वजन राहते, म्हणजे फक्त पुढची चाके ओढत असतील तर साडेसोळा टक्केच ओढ मिळते आणि गाडी चढत नाही. चारही चाके ओढत असतील तर ३० टक्के मिळते आणि गाडी आरामात चढते. हा तुमच्या यंत्रणेचा खरा फायदा. पण त्याच वाटेवर शेवाळ धरले आणि घर्षणगुणांक ०.१५ वर आला, तर चारही चाकांची मिळून १५ टक्केच ओढ होते, आणि ती १९ पेक्षा कमी आहे. तेथे कोणताही मोड उपयोगी पडणार नाही.

उतरताना तर स्थिती आणखी बिकट. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत ऑल-व्हील-ड्राइव्हचा काहीच अधिक लाभ नाही. १५ टक्के पकडीतून १४ टक्के उताराने खाल्ल्यावर जे उरते, त्यात ताशी १० किलोमीटर वेगाने उतरणारी गाडी थांबायला ४० मीटरहून अधिक अंतर घेईल. म्हणून मोड कोणता या प्रश्नाआधी तुम्ही लोखंडी ब्रश घेऊन शेवाळ काढा आणि तो चर दगड-चिऱ्याने भरून त्याखालून पाण्यासाठी पाइप टाका.

घाटाविषयी थोडक्यात सांगतो. स्पोर्टमध्ये मागच्या चाकांना वाटा लवकर दिला जातो, त्यामुळे वळणावर गाडी नाक बाहेर काढत नाही, हे खरे. पण त्याच मोडमध्ये पावलाला इंजिनचा प्रतिसाद तीव्र होतो आणि ओल्या आंबा घाटात ते मला नको वाटते. मुसळधार पावसात मी स्वतः स्नो निवडेन, थोडे इंधन जास्त गेले तरी चालेल.

जाता जाता : ज्या गाड्यांमध्ये स्नो, मड, सँड असे मोड असूनही फक्त पुढचीच चाके ओढतात, त्यांच्याशी तुलना करू नका. क्रेटा आणि सेल्टॉसच्या काही मॉडेलांत असे मोड आहेत, हॅरियर डिझेलमध्ये नॉर्मल, रफ, वेट असे आहेत. ते इंजिनचा प्रतिसाद, ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणारे चाक आवरणारी यंत्रणा) आणि ब्रेक यांचे नियोजन बदलतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण मागच्या चाकाला ओढ देण्याची सोयच तेथे नसते.


सह्यभ्रमर :

यंत्रवेडा यांचे विवेचन उत्तम आहे, पण दोन गोष्टींची भर घालणे मला आवश्यक वाटते.

पहिली, चिखल सगळा एक नसतो. तुमच्या वाटेवर खाली कठीण जांभा आणि वर बोटभर माती आहे, तेथे स्नोचा हळुवारपणा योग्य. पण भातखाचराच्या कडेची पाणंद असेल आणि चाक वीतभर रुतत असेल, तर टायरच्या खाचांत भरलेला चिखल बाहेर फेकण्यासाठी चाक थोडे फिरावेच लागते. तेथे स्नोमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापते आणि गाडी गुदमरल्यासारखी जागीच थांबते. अशा ठिकाणी लॉक निवडावा, आणि तरीही गाडी हलत नसेल तर तेवढ्यापुरते ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पाहावे. जीप कंपाससारख्या गाडीत बर्फासाठी एक आणि वाळू-चिखलासाठी वेगळा मोड दिलेला असतो तो याच कारणाने : एकात चाक फिरू द्यायचे नसते, दुसऱ्यात मोजके फिरू द्यायचे असते. त्यामुळे तुमच्या मित्राचे म्हणणे अगदीच चूक नाही, ते तुमच्या वाटेला लागू पडत नाही इतकेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चढण अर्ध्यावर फसली तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही. गाडी थांबली की घाबरून स्टिअरिंग फिरवू नका आणि क्लचचा पॅडल दाबून गाडी मागे घरंगळू देऊ नका. ब्रेकवर गाडी धरा, रिव्हर्स गिअर टाका, चाके सरळ करा, क्लचचा पॅडल पूर्ण सोडा आणि मग ब्रेक हलका करत इंजिनच्या धरणीवर, म्हणजे इंजिन चाकांना जे अडवून धरते त्याच्या आधारे, सरळ रेषेत मागे या. ऑल-व्हील-ड्राइव्हचा उतारावर जो थोडा फायदा आहे तो येथे मिळतो, कारण स्नो किंवा लॉकमध्ये इंजिनची ही धरणी दोन चाकांऐवजी चारही चाकांवर विभागली जाते आणि एखादेच चाक आधी सुटत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी अशाच चढणीवर आडवी झाली होती, केवळ त्याने मागे येतानाच वळवायचा प्रयत्न केला म्हणून.

माझ्याकडे थार आहे, आणि तिची पद्धत वेगळी असल्याने तिच्यावरून काढलेले नियम तुमच्या गाडीला जसेच्या तसे लावू नयेत. तेथे ४एच (चारही चाकांना ताकद, नेहमीची गती) टाकले की पुढचा आणि मागचा भाग यांत्रिक दृष्ट्या जखडला जातो, मध्ये सरकणाऱ्या चकत्या नाहीत. कोरड्या डांबरावर तसे चालवले की वळताना सगळ्या गिअरमध्ये ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि लिव्हर परत २एचमध्ये (दोनच चाकांना ताकद) आणता येत नाही. मोबदल्यात ४एल (चारही चाकांना ताकद, कमी गती आणि जास्त ओढ) मिळतो, ज्यात गाडी पावलाने चालल्यासारखी चढते. तुमच्या गाडीत तो नाही, म्हणून पहिला गिअर आणि चढणीच्या आधीच घेतलेली बेताची गती हाच तुमचा ४एल समजा. मोड चढणीच्या पायथ्याशी, गाडी सपाटीवर असतानाच बदला. मध्यावर कळ फिरवण्यात लक्ष आणि गती दोन्ही जातात.


मॉन्ट्रियलहून :

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षे क्वेबेक प्रांतात राहते. मनालीच्या प्रश्नापुरतेच लिहिते.

येथे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो नियम ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनाही तसाच लागू आहे. चार चाकांना ओढ मिळते म्हणून टायरमधून सूट नाही. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. अशा टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते. भारतात मिळणाऱ्या तुमच्यासारख्या गाडीवर येणारे टायर त्या जातीचे नसतात.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातला अनुभव सांगते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी सिग्नलवरून इतरांच्या आधी, अगदी सहज निघत असे, आणि त्यामुळे रस्ता खरोखर किती निसरडा आहे हे मला कळतच नसे. पुढच्या चौकात ब्रेक दाबल्यावर ते कळले. पायाखाली ब्रेकचा पॅडल थरथरत होता आणि गाडी चौकाच्या मध्यापर्यंत शांतपणे, आवाज न करता सरकत गेली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते. तेव्हापासून रिकाम्या रस्त्यावर निघाल्यानिघाल्या एकदा हलकेच ब्रेक दाबून पाहायचा, हा नियम मी कधी मोडला नाही. रस्त्याची खरी पकड अ‍ॅक्सिलरेटर सांगत नाही, ब्रेक सांगतो.

मनालीच्या वरच्या भागात बर्फ पडल्यावर पोलीस बऱ्याचदा फोर-बाय-फोर गाड्यांनाच पुढे सोडतात. तो परवाना मिळाला म्हणजे उतरण सुरक्षित झाली असे समजू नका. बोगद्याच्या तोंडाशी आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर सकाळी डांबरासारखाच काळा दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो, त्यावर ०.१ इतकाच घर्षणगुणांक मिळतो. स्नो मोड ठेवा, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ऊन वर येईपर्यंत थांबा आणि साखळ्या सोबत न्या. साखळ्या कोणत्या चाकांना लावायच्या ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून, घरी अंगणात एकदा लावून बघा. उणे तापमानात, बधिर बोटांनी ते पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.


लालमाती :

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर लिहायला दोन आठवडे लागले, कारण आधी काम करून पाहायचे होते.

दोन गडी लावून सगळ्या वाटेवरचे शेवाळ लोखंडी ब्रशने काढले. चरात सहा इंची पाइप टाकून वर चिऱ्याचे तुकडे आणि खडी भरली, त्यामुळे तेथला तिरका खड्डा जवळजवळ गेला. नंतर दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी मी एकटाच प्रयोगाला बसलो. ऑटोवर पुढची चाके पूर्वीच्याच जागी एकदा फिरली, गाडी चढली, पण तोच धक्का जाणवला. मग खाली येऊन सपाटीवर स्नो निवडला, पहिल्या गिअरमध्ये त्याच गतीने निघालो. या वेळी चाक फिरले नाही, धक्का नाही, तोंड सरळ राहिले. लॉक फक्त चराच्या जागी थांबून पुन्हा निघताना वापरून पाहिला. ‘घर्र’ आवाज आला, पाऊल तसेच ठेवले आणि खरोखर दोन सेकंदांनी गाडी पुढे सरकली. मध्येच थांबून रिव्हर्समध्ये सरळ मागे येण्याचा सरावही चार वेळा केला.

काल आईला गाडीत बसवून वर आणले. ती दाराची मूठ घट्ट धरून होती, पण बसली.

एक शंका राहिली. मागचे दोन टायर पंक्चर आणि काप यांमुळे बदलावे लागणार आहेत, पुढचे वीस हजार किलोमीटर चाललेले आहेत. दोनच नवे घेतले तर चालेल का?


यंत्रवेडा :

आई बसल्या हे वाचून फार बरे वाटले.

दोन टायरांविषयी : शक्य असेल तर चारही एकदम बदला. नव्या टायरचा घेर झिजलेल्या टायरपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून सरळ रस्त्यावरही पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि क्लचच्या चकत्यांना तो फरक प्रत्येक किलोमीटरला सोसावा लागतो. खर्चामुळे दोनच घ्यायचे असतील, तर आधी खाचांची खोली मोजून घ्या, पुस्तिकेत फरकाची मर्यादा दिली असेल तर ती पाळा आणि निदान कंपनी, नक्षी व माप तेच ठेवा. चारही टायरांतली हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, कारण कमी हवेनेही तोच परिणाम होतो. आणि गाडी कधी बंद पडून ओढून न्यायची वेळ आली, तर दोन चाके उचलून दोन रस्त्यावर फिरत ठेवून नेऊ देऊ नका. चारही चाके वर घेणारा सपाट ट्रकच मागवा.